आईसाठी एक खाट

"अहो दारिन्काबाई, मंगळवारीच तर बोललो की आपण!" रेझ्काबाई फोनवर हसत म्हणाल्या. "विसरलात होय? का माझा आवाज ऐकायला परत फोन केलात?"

दारिन्काही हसली. हसू अगदी वेळेवर आलं, जराही मागे राहिलं नाही. मग तिने कॉफीचा पेला हळूच बशीत ठेवला, आवाज होऊ न देता. कोणी झोपलेलं असावं तसा. घरात कोणी झोपलेलं नव्हतं. तिचा नवरा व्हिन्को गाडीला हिवाळी टायर बसवून घ्यायला गेला होता. खिडकीबाहेर ल्युब्लियानाचं नोव्हेंबरमधलं धुकं होतं, समोरच्या इमारतीचे खालचे मजले त्यात बुडालेले होते आणि वरच्या एका बाल्कनीत कोणाचा तरी गालिचा वाळत, म्हणजे भिजत, पडला होता. मंगळवार. मंगळवारी बाजारात गेले. कोबी घेतला. दुपारी थोडं पडले. मग? मग संध्याकाळ झाली.

"विसरेन कशी," ती म्हणाली. "नक्की करायला केला फोन. एकदा सगळं परत म्हणून दाखवा बघू."

"दाखवते की. फेब्रुवारीतली शाळांची सुट्टी, दरवर्षीच्याच दोन खोल्या. लोव्रोच्या उशीत पिसं नकोत, शिंका येतात त्याला. तुमचा गुडघा दुखतो म्हणून तुमची खोली या वेळी खालच्या मजल्यावर. आणि आईसाठी एक जास्तीची खाट."

"कोणाच्या आईसाठी?"

"तुमच्या! तुम्हीच म्हणालात ना, आईला जिन्याची भीती वाटते, तिची खाट माझ्या खाटेजवळच लावा. मला जरा नवलच वाटलं, खरं सांगायचं तर. पण कोणाला आईबद्दल असं कसं विचारायचं?"

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तेव्हा रेझ्काबाईंनी क्रान्स्का गोऱ्याहून काळ्या कडेचं कार्ड पाठवलं होतं. खाली त्यांच्या गेस्ट हाउसचा शिक्का होता, त्यात एक स्की करणारा माणूस. ते कार्ड दारिन्काला आत्ता लख्ख आठवलं. शिक्क्याची शाई एका बाजूला फुटली होती तेसुद्धा आठवलं. मंगळवार मात्र आठवेना.

"मारुशाच्या आईसाठी हो," ती म्हणाली. "सुनेच्या आईसाठी. आम्ही घरात त्यांना आईच म्हणतो सगळे."

"अस्सं! तरीच," रेझ्काबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती. "मी यांना म्हटलंसुद्धा, काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल."

फोन ठेवल्यावर दारिन्का खुर्चीवरून उठली नाही. फोनमध्ये पाहिलं असतं तर कळलं असतं, मंगळवारी केला होता की नाही. तिने फोन पालथा घातला. दुसरं कोणी बोललं असेल. रेझ्काबाई म्हाताऱ्या झाल्या आहेत, त्यांचाच गोंधळ झाला असेल, दुसऱ्याच कोणाच्या आईची खाट आपल्या नावावर टाकली असेल. हा विचार फार सोयीचा होता आणि ती थोडा वेळ त्यात उबेला बसावं तशी बसली. मग तिला गुडघा आठवला. गुडघ्याचं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. व्हिन्कोलासुद्धा नाही. सांगितलं असतं तर त्याने लगेच दोघांचं स्कीइंग बंद केलं असतं आणि चहाच्या दुकानात तिच्यासमोर बसून राहिला असता, मोठ्या मनाने. आणि जिना. शेवटच्या वर्षांत आई जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहायची, एक पाय उचलून. पायरी कुठली आणि पायरीची सावली कुठली हे तिला समजत नसे. हेही दारिन्काशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे ती बाई आपणच. मंगळवारी, याच खुर्चीवर बसून, गप्पा मारणारी, आई जिवंत असलेली बाई. ती आपल्या घरात येऊन गेली आणि जाताना काही मागे ठेवून गेली नाही.

सुरुवात अशीच होते. आईची अशीच झाली होती. आई विसरायची तेव्हा गांगरत नसे, हसायची. "अर्थातच, अर्थातच," म्हणायची आणि समोरच्याचा हात थोपटायची, म्हणजे समोरच्यालाच वाटायचं, आपण काहीतरी भलतं विचारलं. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, पाद्रीबुवांना, सगळ्यांना तिने त्या हसण्यावर किती दिवस झुलवत ठेवलं. आणि आत्ता फोनवर जे वेळेवर आलं ते हसू कोणाचं होतं? दारिन्काने ओठांवरून बोट फिरवलं. ओठ कोरडे होते. ती उठली, आरशात पाहायला म्हणून बाहेरच्या खोलीत गेली आणि आरसा टाळून परत आली.

घरात तिला 'मंत्रीणबाई' म्हणत. पूर्वी ती एका पर्यटन कंपनीत होती. कारखान्यांतल्या माणसांना समुद्रावर आणि डोंगरांवर धाडून द्यायचं, कोणाला कुठली खोली, कोणाची बस कुठून, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. निवृत्त झाल्यावर तिच्याकडे एवढं एकच खातं उरलं होतं: फेब्रुवारीतली सुट्टी. व्हिन्को, मुलगा ग्रेगोर, सून मारुशा, नातवंडं नेझा आणि लोव्रो, सगळे फक्त गाडीत बसायचे. कोणाचे हातमोजे कुठल्या पिशवीत, पहिल्या दिवशी कुठल्या उतारावर जायचं, वाटेत कुठे थांबून सॉसेज खायचं, हे आपोआप होतं असं त्यांना वाटायचं. तसं वाटावं यातच तिचा सगळा अभिमान होता. आणि आता त्याच डोक्यात एक खोली अशी निघाली होती की तिची किल्ली तिच्याकडे नव्हती.

लहानपणी एकदा व्हित्रान्त्सच्या उतारावर ती ढगात सापडली होती. वडील पुढे निघून गेले होते. खालचं बर्फ आणि वरचं आभाळ एकाच रंगाचं झालं, मधली रेघ पुसली गेली. घाबरून ती जागच्या जागी उभी राहिली. हलायचं नाही, वडील येतील. आपण हललो नाही याची तिला पक्की खात्री होती. मग तिच्या शेजारून एक झुडूप वर गेलं. झुडूप सावकाश वर चढत गेलं आणि दिसेनासं झालं, आणि ती आडवी पडली तेव्हा तिला कळलं, झुडूप नव्हे, आपण घसरत होतो. मघापासून घसरत होतो. पडण्याचं तिला काही वाटलं नाही. घशाशी आलं ते दुसरंच. उभं असणं आणि घसरणं आतून अगदी एकसारखं लागतं.

रविवारी सगळे जेवायला आले. दर रविवारी येतात तसेच. सूप वाढून झाल्यावर, शेवया अजून वाफाळत असताना, ती म्हणाली, "मारुशा, तुझ्या आईलाही नेऊ या या वेळी क्रान्स्का गोऱ्याला."

ग्रेगोरने चमचा खाली ठेवला. "आई, ताप आलाय का तुला?"

"माझी आई? बर्फावर?" मारुशा म्हणाली. "फ्रिज उघडला तरी शाल ओढून घेते ती."

"बर्फावर कशाला? बसतील बाल्कनीत. ऊन खातील. मुलांना तेवढीच दुसरी आजी."

"मंत्रीणबाईंनी ठरवलं म्हणजे ठरलं," व्हिन्को म्हणाला. "विरोधी पक्षाने मुकाट्याने सूप प्यावं."

"पण आजी," नेझा म्हणाली, "तू तर म्हणतेस, सिल्वाआजी तोंड उघडते तेव्हा मारिबोरची सगळी कबुतरं उडतात."

"नेझा, सूप पी," तीन मोठी माणसं एकदम म्हणाली. मारुशा हसायला लागली म्हणून बरं. दारिन्का बटाटे आणायला आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. जमलं होतं. एक खोटं खरं करायला आता एक जिवंत बाई मिळणार होती. पण इतक्या सहज फसतात हे? मग आईच्या वेळी आपणही असेच सूप पीत बसलो होतो का?

सिल्वाबाईंना तिने स्वतःच फोन केला. त्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, भरदार, प्रत्येक वाक्य मागच्या बाकावर पोहोचेल असं बोलणाऱ्या. तिने आमंत्रण दिलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही गेलं, विहीणबाई."

"मग मला कशाला बोलावताय?" आणि ती उत्तर शोधते आहे तोवर, "बरं. येते. पॅन्ट लागेल ना जाड? माझ्याकडे नाही. तुमच्याकडे तो जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथे घेऊ."

बाजार भरेपर्यंतचे दिवस दारिन्काने पहारा करत काढले. पहारेकरी तीच आणि चोरही तीच. सकाळी डोळे उघडले की ती वार म्हणायची. मग शेजारच्या इमारतींतली आडनावं. मग स्कीच्या उतारांवर चढवणाऱ्या लिफ्टची नावं खालून वर आणि वरून खाली. सगळी येत. आली की तेवढ्यापुरतं छातीवरचं ओझं उतरायचं आणि लगेच दुसरी शंका डोकं वर काढायची, की जे येत नाही ते आपण विचारतच नसू. मुलांचे लोकरी मोजे तिने पिशवीत भरले, काढले, परत भरले. ती भरते आहे हे लक्षात राहावं म्हणून मोठ्याने बोलायची, "मोजे भरते आहे." व्हिन्को दुसऱ्या खोलीतून ओरडायचा, "शाब्बास!" पूर्वी तो हजारदा म्हणाला असेल, "हे मघाशी सांगितलंस तू," आणि तिने हजारदा त्याला म्हटलं असेल, "मग परत ऐक." आता तेच वाक्य आलं की तिच्या हाताची बोटं गार पडत. ती त्याच्या तोंडाकडे बघायची. नुसता वैताग आहे की काही कळलंय? वैताग असायचा. तिला तो वैताग इतका प्रिय वाटू लागला की कधीकधी ती मुद्दाम तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची, आणि मग हे मुद्दामच केलं ना, हे स्वतःला विचारत बसायची.

बाजाराच्या दिवशी प्रदर्शनाच्या मोठ्या दालनात स्कीचे ढीग पडले होते. ओल्या लोकरीचा, रबराचा आणि बाहेर उकळणाऱ्या मसाल्याच्या वाइनचा वास एकमेकांत मिसळला होता. मुलांचे पाय वाढतात, म्हणून अख्खं शहर आपापल्या मुलांचे गेल्या वर्षीचे बूट घेऊन इथे येतं आणि दुसऱ्याच्या मुलांचे बूट घेऊन जातं. सिल्वाबाई मारिबोरहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या. त्यांनी एक जांभळी पॅन्ट अंगाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "ही घातली तर हेलिकॉप्टर उतरवतील माझ्यावर." दारिन्का मनापासून हसली. हे हसू आपलंच, तिला वाटलं. तिला बरं वाटत होतं. तिने एक निळा छोटा बूट उचलला, आत हात घालून अस्तर दाबून पाहिलं. अस्तर उबदार होतं, नुकताच कोणी पाय काढून घेतल्यासारखं.

"मुलगा केवढा आहे?" विकणाऱ्याने विचारलं.

"सहा वर्षांचा. पण पाऊल रुंद आहे ग्रेगोरचं," ती म्हणाली. "घालूनच बघितलेलं बरं. थांबा, बोलावते त्याला. बाहेर उभा आहे आईबरोबर." आणि ती दाराकडे वळली. दारातून धुकट उजेड आत येत होता. त्या उजेडात आई असणार होती, करडा कोट, हाताशी ग्रेगोर, निळी टोपी कपाळावर ओढलेली. आईला थंडी सोसत नाही. किती वेळ उभं ठेवलंय आपण तिला. दारिन्का घाईने दोन लोकांमधून वाट काढायला लागली. दारात माणसंच माणसं होती. माणसांच्या खांद्यांवर स्की होत्या, त्यांची टोकं वर एकमेकांवर आपटत होती. करडा कोट कुठेच नव्हता. तिच्या हातात बूट होता. कोणीतरी तिचं कोपर धरलं.

"लोव्रोचा आहे तो बूट," सिल्वाबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या हळू बोलत होत्या. विकणाऱ्याकडे वळून त्यांनी म्हटलं, "बाजूला ठेवा, येतो आम्ही," आणि दारिन्काला जवळजवळ उचलूनच त्यांनी बाहेरच्या टेबलापाशी नेलं.

वाइनचे कप गरम होते. दारिन्काने कप दोन्ही हातांनी धरला.  ग्रेगोर अडतीस वर्षांचा आहे. त्याचे केस पुढून विरळ झालेत. तिने हे मनात तीनदा म्हटलं.

"मला का बोलावलंत?" सिल्वाबाईंनी विचारलं.

"सगळ्यांनी मिळून सुट्टी घालवावी..."

"विहीणबाई. लग्नात तुम्ही मला खांबामागे बसवलं होतं. केक कापलेला मला आवाजावरून कळला. खरं बोला."

मग दारिन्काने सांगितलं. कपाकडे बघत, एकही शब्द न गाळता, फोन, मंगळवार, गुडघा, जिना. "मी माझ्या आईसाठी खाट सांगितली होती," शेवटी ती म्हणाली. "त्या खाटेवर तुम्ही झोपायचं आहे."

सिल्वाबाईंचा चेहरा लाल झाला. दारिन्काला वाटलं, आता कबुतरं उडणार. पण त्या वाइनचा एक मोठा घोट घेऊन म्हणाल्या, "म्हणजे खाट तुमच्या आईची, आणि पांघरूण घालायला मी!" आणि त्या इतक्या जोरात हसल्या की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. दारिन्काही हसली, आणि हसता हसता तिच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिल्वाबाईंनी कागदी रुमाल पुढे सरकवला. जवळ घेतलं नाही, थोपटलं नाही.

"व्हिन्कोंना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"तो चांगला वागेल."

सिल्वाबाईंनी मान हलवली. त्यांना समजलं असावं. "आणि मला का सांगितलंत?"

"तुम्ही चांगल्या वागणार नाही म्हणून."

"तेही खरंच. म्हणून सांगते, आजच सांगा त्यांना. नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर तुमच्या अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल." मग कप चुरगळत त्या म्हणाल्या, "मी एकटी राहते. रोज रात्री गॅस बंद केला की स्वतःला मोठ्याने सांगते, सिल्वा, गॅस बंद केलास. तुम्हाला काय वाटलं, भीती तुम्हालाच वाटते?"

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा व्हिन्को बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्यांवर स्की आडवी टाकून तिला मेण लावत होता. मेण वितळवायला जुनी इस्त्री, खाली वर्तमानपत्रं, मेणाचा गोडसर धूर. दरवर्षी तो हे फार आधी करायचा आणि ती दरवर्षी त्यावरून त्याला बोलायची. तो गुणगुणत होता. त्याच्या डोक्याचा मागचा भाग, कानामागची ती सुरकुतलेली जागा तिला दिसत होती. त्या जागेला अजून काही माहीत नव्हतं. आणखी थोडा वेळ तिला माहीत नसू दे, असं वाटून ती कोट न काढता दाराशी उभी राहिली. मग आपण उभे आहोत याचा तिला भरवसा वाटेना.

"व्हिन्को," ती म्हणाली, "मला विसरायला होतंय. आईसारखं."

त्याने वळून पाहिलं. इस्त्री त्याच्या हातात तशीच अधांतरी राहिली, तिच्या टोकावरून मेण वर्तमानपत्रावर गळत राहिलं. तिने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही, कारण या वेळी तिला समोरचा चेहरा बघावा लागत होता. बाजारातलं सांगताना तो खाली बसला, जमिनीवर, वर्तमानपत्रांवर. त्याने इस्त्रीची पिन काढली. बराच वेळ पिन हातात धरून होता.

"सोमवारी डॉक्टरांना फोन करतो," तो म्हणाला. आवाज घोगरा होता. "आणि ते क्रान्स्का गोरा राहू दे या वर्षी. रद्द करू. मी बोलतो ग्रेगोरशी."

"नाही."

"दारिन्का, उतारावर तुला काही झालं..."

"रद्द केलंस तर ते आजपासूनच सुरू होईल," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मला भीती वाटते, व्हिन्को. इतकी की सकाळी पाय खाली टाकवत नाही. पण बाल्कनीत शाल पांघरून बसवू नकोस मला. अजून नको."

तो काहीतरी चांगलं बोलेल म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. पण त्याच्या डोळ्यांत तिने जे पाहिलं तो चांगुलपणा नव्हता, ती सरळ सरळ भीती होती, तिच्याइतकीच, आणि त्याला ती लपवताही येत नव्हती. तिला एकदम त्याच्या शेजारी बसावंसं वाटलं. ती कोटासकट खाली बसली. गुडघ्यात कळ आली. तोंडातून 'आई गं' निघालं आणि या वेळी तिने ते दाबलं नाही.

"मग शिकव मला," तो म्हणाला.

"काय?"

"हे सगळं. तू करतेस ते. मला तर माझे मोजे कुठे असतात तेही माहीत नाही."

"लिहून घेणार?"

"नको. सांग. मी म्हणून दाखवतो."

तिने सांगायला सुरुवात केली. मुलांच्या पिशव्या आदल्या दिवशी दाराशी आणून ठेवायच्या, नाहीतर नेझा आयत्या वेळी आपली अर्धी खोली भरते. डब्यात ब्रेड आणि उकडलेली अंडी, लोव्रोचं अंडं पूर्ण उकडलेलं. पहिल्या दिवशी मोठ्या उतारावर जायचं नाही, ग्रेगोर कितीही म्हणाला तरी. मारुशा थकली की बोलत नाही, ती गप्प झाली की सगळ्यांनीच चहाला थांबायचं, तिच्यामुळे थांबलो असं न दाखवता. व्हिन्को म्हणून दाखवत होता. अंडी नेझाची आणि पिशव्या लोव्रोच्या करत होता. "चूक," ती म्हणायची. "परत." तो परत म्हणायचा. बाहेर काळोख झाला होता आणि दोघांनाही उठून दिवा लावायचं सुचलं नाही.

"आणि आपण नसताना घराची चावी?" त्याने विचारलं. "झाडांना पाणी कोण घालतं?"

"समोरच्या बाई," ती म्हणाली. "त्यांच्याकडे द्यायची. त्या... अरे, समोरच्या..." चेहरा दिसत होता. चष्म्याची साखळी दिसत होती. कितीतरी वर्षांची शेजारीण, तिच्या हातचं ब्लूबेरीचं लिकर कपाटात आहे. नावाच्या जागी नुसतं पांढरं होतं, आणि ती त्या पांढऱ्याकडे बघत राहिली.

नाव व्हिन्कोला ठाऊक होतं. अंधारातही तिला कळलं, ते त्याच्या ओठांपर्यंत आलंय. त्याने ते गिळलं. इमारतीत कुठेतरी लिफ्टचं दार लागलं. त्याचा मेणाने चिकट झालेला हात तिच्या हातावर येऊन पडला, थोपटायला नाही, नुसता.

"पुढचं सांग," तो म्हणाला.

तिने पुढचं सांगितलं.